डॉपेलबॉक आणि आस्वादाची भाषा

काव्याच्या आस्वादासाठीं आपल्या शास्त्रकारांनीं 'रस' हा जो शब्द योजिला, तो मुळांत जिभेच्या व्यवहारांतला आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत रसाची उपपत्ति सांगतांना नाना व्यंजनांनीं संस्कारिलेलें अन्न आवडीनें जेवणाऱ्या मनुष्याचाच दृष्टांत दिला. आणि पुढें मम्मटानें काव्यप्रकाशांत पानकरसाचा, म्हणजे अनेक पदार्थ एकत्र करून केलेल्या पन्ह्याचा, दाखला घेतला. पन्हें पितांना साखर निराळी, वेलची निराळी, मिरें निराळें अशी चव लागत नाहीं. सर्व मिळून एक अपूर्व रुचि उत्पन्न होते, आणि काव्यांतला रसहि तसाच होय, असें हें मत आहे. जिभेच्या अनुभवावरून काव्याचा न्याय करावयास शिकलेल्या समाजानें तोच न्याय उलट जिभेच्या अनुभवाला लावून पाहण्यास हरकत नसावी. प्रस्तुत लेखांत आम्हीं तसें करावयाचें योजिलें आहे; आणि त्यासाठीं निवडलेला पदार्थ म्हणजे बव्हेरियांतील 'डॉपेलबॉक' नांवाची कडक, गोड आणि माल्टाच्या चवीनें भरलेली बिअर होय.

विषयाचें नांव वाचून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणतों. जें मासिक घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं पडतें, त्यांत मद्याची स्तुति करावी असा आमचा मुळींच हेतु नाहीं. आणि ज्यानें आजवर मद्य चाखलें नाहीं त्यानें या लेखामुळें तें चाखावें, असेंहि आम्ही सुचवीत नाहीं. परंतु एखाद्या वस्तूचें परीक्षण करणें म्हणजे तिची शिफारस करणें नव्हे. उलट, जेथें वस्तूच्या अंगीं मोह घालण्याची शक्ति असते, तेथेंच परीक्षणाची गरज अधिक. डॉपेलबॉक गोड आहे आणि कडकहि आहे. तिच्या गोडीच्या आड हा कडकपणा किती लपतो आणि किती प्रकट होतो, हा तिच्याविषयींचा खरा प्रश्न आहे. आणि तो निव्वळ खवय्यांचा प्रश्न नाहीं. गोड लेखन, गोड गायन, गोड भाषण यांच्याविषयींहि सुज्ञ मनुष्य तोच प्रश्न विचारीत असतो.

प्रथम या बिअरचें कुळ पाहूं. उत्तर जर्मनींत आइनबेक म्हणून एक लहानसें शहर आहे. मध्ययुगांत तें हान्सा नांवाच्या व्यापारी संघांत सामील होतें, आणि तेथील कडक बिअर दूरदूरच्या बाजारांत जात असे. बव्हेरियाच्या दरबारींहि बाहेरून बिअर मागवीत. तो खर्च वाचावा म्हणून ड्यूक पांचवा विल्हेल्म यानें १५८९ मध्यें म्यूनिक येथें दरबारची स्वतःची मद्यशाळा, म्हणजे होफब्रॉयहाउस, स्थापिली. आणि पुढें सतराव्या शतकाच्या आरंभीं आइनबेकचाच एक कारागीर तेथें आणविण्यांत आला. बव्हेरियन लोकांच्या जिभेवर 'आइनबेक'चें 'आइनपॉक' आणि त्याचें 'आइन बॉक' झालें. जर्मन भाषेंत 'आइन बॉक' म्हणजे 'एक बोकड'. मराठी शब्दाशीं असलेलें त्याचें ध्वनिसाम्य पाहून मौज वाटते. अशा रीतीनें गांवाचें नांव जाऊन बोकडाचें आलें, आणि आजहि या जातीच्या बिअरच्या कित्येक बाटल्यांवर शिंगें उगारलेला बोकड उभा असतो.

'डॉपेल' म्हणजे दुप्पट. ही दुप्पट बॉक म्यूनिकमधील पाउलानेर साधूंची देणगी समजतात. इटलींतील पाओला गांवच्या संत फ्रान्सिसच्या पंथांतले हे साधु बारमाही उपवासाचें व्रत पाळीत. मांस, अंडीं, दूध हीं त्यांना वर्ज्य होतीं. त्यांच्या मठांतील बिअरचा लेखी उल्लेख १६३४ मधला आहे. द्रव पदार्थानें उपवास मोडत नाहीं असा तेव्हांचा संकेत. तेव्हां धान्याचें जेवढें सत्त्व पेल्यांत उतरेल तेवढें उतरवावें, अशी युक्ति निघाली, आणि 'प्यावयाचा पाव' हें नांव या पेयाला मिळालें. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांच्या घरीं दर पंधरवड्याला खरी होते, त्यांनीं या साधूंना हंसण्याचें कारण नाहीं. या बिअरचा नमुना पोपकडे पाठविला, वाटेंत तो उन्हानें नासला, आणि 'असलें पेय पिणें हेंच प्रायश्चित्त' असें ठरून साधूंना परवानगी मिळाली, अशी एक गोष्ट सांगतात. तिला दंतकथेपेक्षां अधिक किंमत देऊं नये. पण प्रायश्चित्त आणि चैन एकाच पेल्यांत बसविण्याची जी खुबी या बिअरच्या अंगीं आहे, ती त्या दंतकथेनें अचूक पकडली आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बार्नाबास नांवाच्या साधूनें मठाच्या बिअरला कीर्ति मिळवून दिली. १७९९ मध्यें मठ बंद झाला. परंतु पुढें फ्रान्झ झेव्हर झाखर्ल या व्यावसायिकानें मद्यशाळा चालविली, आणि 'साल्वाटोर', म्हणजे त्राता, हें नांव लोकांच्या तोंडीं बसलें. इतके कीं, इतर कारखानेहि आपल्या कडक बिअरला तेंच नांव लावूं लागले. १८९६ मध्यें पाउलानेरनें तें नांव नोंदवून घेतलें, तेव्हां इतरांनीं त्याचें नुसतें शेपूट हातीं ठेविलें. सेलेब्राटोर, ऑप्टिमाटोर, माक्सिमाटोर, ट्रिउम्फाटोर हीं सगळीं नांवें त्या शेपटालाच धरून आलेलीं आहेत.

आतां गोडी येते कोठून तें पाहूं. माल्ट म्हणजे काय, हें मराठी गृहिणीला समजावून सांगावें लागत नाहीं. नाचणी भिजत घालून, फडक्यांत बांधून, मोड आणून, वाळवून, भाजून आणि दळून तान्ह्या बाळासाठीं जें सत्त्व ती करते, त्याच जातीचें जवाचें माल्ट. मोड येतांना धान्यांत अशीं द्रव्यें तयार होतात कीं, तीं पिठाची साखर करितात. म्हणूनच मोडाच्या सत्त्वाची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षां पातळ होते आणि गोडसर लागते. म्यूनिकचें माल्ट साध्या माल्टापेक्षां अधिक आंचेवर वाळवितात. मग तें भरडून गरम पाण्यांत कालवितात, त्यांतला कांहीं भाग काढून निराळ्या भांड्यांत उकळतात आणि पुन्हां मूळ भांड्यांत ओततात. जुन्या पद्धतींत हें एकदांच नव्हे, दोन-तीन वेळां करीत. या उकळण्यांत शर्करा आणि प्रथिनांचे अंश यांचा उष्णतेनें संयोग होऊन तपकिरी रंग आणि भाजल्याचा सुवास उत्पन्न होतो. या क्रियेचें वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ मध्यें केलें. थालिपिठाची भाजणी भाजतांना किंवा लोणी कढवितांना बेरी तांबूस होऊं लागली म्हणजे घरभर जो वास पसरतो, तो याच क्रियेचा प्रसाद होय.

तयार झालेल्या रसांत, वजनाच्या हिशेबानें, शंभर भागांत अठरा किंवा अधिक भाग सत्त्व असतें. नेहमींच्या बिअरच्या रसांत तें अकरा-बारा भागच असतें. त्यांत यीस्ट सोडून थंड जागेंत सावकाश आंबवितात, आणि नंतर कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या आसपास ठेवितात. थंडींत हळूहळू काम करणाऱ्या या यीस्टमुळें फळांसारखे वास फारसे उत्पन्न होत नाहींत. पुढें उभा राहतो तो धान्याचा वास. शिवाय यीस्ट रसांतलें सगळेंच सत्त्व खात नाहीं. जें त्याच्या तोंडून उरतें, तेंच आपल्या तोंडीं येतें.

येथें टीकाकाराचें काम सुरू होतें. ही बिअर गोड आहे असें सर्वच म्हणतात. पण 'गोड' या एका शब्दाखालीं येथें निदान चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली, उरलेल्या साखरेची जिभेवर लागणारी खरी गोडी. दुसरी, डेक्स्ट्रिन नांवाच्या द्रव्यांनीं येणारा दाटपणा; या द्रव्यांना स्वतःची चव जवळजवळ नसते, पण पेय तोंडांत भरून राहतें आणि आपण त्या भरीवपणालाच गोडी समजतों. तिसरी, मद्यार्काची स्वतःची किंचित् गोडसर ऊब. आणि चौथी, वासाची गोडी: भाजलेल्या धान्याचा आणि करपूं पाहणाऱ्या साखरेचा वास नाकांत शिरला म्हणजे जीभ गोडाची अपेक्षा करूं लागते, आणि तेथें साखर थोडी असली तरी ती पुष्कळ वाटते. या चौथ्या गुणाला मराठींत फार सुंदर शब्द आहे. तो म्हणजे 'खमंग'. डॉपेलबॉकची थोरवी गोडपणांत नसून खमंगपणांत आहे, असें आमचें मत आहे. आणि तिच्या बऱ्यावाईट नमुन्यांचा निवाडा याच कसोटीवर करावा लागतो.

तीन नमुने घेऊं. पहिला अर्थात् साल्वाटोर. मद्यार्काचें प्रमाण ७.९ टक्के. रंग घांसलेल्या तांब्याचा, वर मळकट पांढरा दाट फेंस. वास ताज्या पावाच्या खरपूस कडेचा. त्यामागें काकवीची एक पुसट छटा. पहिला घोट सरळ गोड लागतो, अगदीं आर्जवी म्हणावा इतका. पण तोंडाच्या मध्यावर तो पालटतो: गोडी मागें सरते आणि भाजलेलें धान्य पुढें येतें. शेवटीं हॉप वेलीच्या फुलांचा कडूपणा क्षणभर डोकावतो आणि छातींत ऊब उतरते. हा मधला पालट हाच साल्वाटोरचा प्राण आहे. दोष एवढाच कीं, पेला कोमट होत गेला म्हणजे पहिली गोडी जड होते, आणि उत्तरार्धांतला खमंगपणा तिच्याखालीं दबूं लागतो. ज्या नाटकाचा तिसरा अंक उत्तम, परंतु पहिला लांबलेला, त्यासारखें हें आहे.

दुसरा नमुना म्यूनिकजवळच्या आइंग खेड्यांतील सेलेब्राटोर. बाटलीच्या गळ्यांत एक इवलासा पांढरा बोकड लोंबत असतो. तो काढून मुलांच्या हातीं द्यावा आणि पेल्याकडे वळावें. मद्यार्क ६.७ टक्के, म्हणजे साल्वाटोरपेक्षां कमी. रंग जवळजवळ काळा. दिव्यासमोर धरला तर डाळिंबी झांक दिसते. वासांत खजूर आहे, मनुका आहे, आणि कडक भाजलेल्या धान्याचा कॉफीच्या जवळ जाणारा कडवटपणाहि आहे. आश्चर्य असें कीं, रंगावरून जें जाडजूड आणि गोडमिट्ट असावें असें वाटतें, तें तोंडांत हलक्या पावलांनीं चालतें. गोडी येते, आपलें काम करते आणि निघून जाते. मागें कोरडी, स्वच्छ जीभ राहते आणि भाजणीचा वास दरवळत राहतो. येथें खजूर निराळा, मनुका निराळी, कडवटपणा निराळा, असें वाटत नाहीं. तीं नांवें आम्हीं वर घेतलीं तीं केवळ वाचकाला दिशा दाखविण्यापुरतीं. पानकरसाचा न्याय ज्याला पुरतेपणीं लागू पडतो, असा या तिघांत हाच एक नमुना आहे.

तिसरा नमुना सामिक्लाउस. स्विस बोलींत हें संत निकोलसचें नांव. झुरिकच्या ह्यूरलिमान कारखान्यानें १९७९ मध्यें ही बिअर प्रथम केली; पुढें तिचें उत्पादन तेथें बंद पडलें, आणि २००० पासून ऑस्ट्रियांतील एग्गेनबेर्ग येथील मद्यशाळेनें तें हातीं घेतलें. संताच्या सणाला, म्हणजे ६ डिसेंबरला, वर्षांतून एकदां ती घालतात आणि महिनोन्‌महिने मुरवितात. मद्यार्क १४ टक्के. म्हणजे बिअरची मर्यादा ओलांडून द्राक्षासवाच्या प्रांतांत पाऊल. पेल्यांत ओततांना फेंस नांवालाच येतो. वास खजुराच्या पाकाचा, चवहि तीच; दाट, उष्ण आणि गोड, इतकी गोड कीं दुसऱ्या घोटाला पहिल्याहून निराळें कांहीं सांगावयाचें उरत नाहीं. कारागिरी विलक्षण खरी. एवढ्या मद्यार्कांत यीस्ट जिवंत ठेवून त्याच्याकडून काम करून घेणें हें सोपें नाहीं. पण चमत्कार आणि रस या दोन निराळ्या वस्तु आहेत. येथें गोडी एकीकडे उभी, मद्यार्काची आग दुसरीकडे उभी, आणि दोघींची भेट होत नाहीं. वर्षानुवर्षें बाटलींत राहिल्यानें ती भेट पुष्कळ अंशीं घडते, असें तिचे चाहते म्हणतात. परंतु जी कलाकृति रसिकाकडे दहा वर्षांची मुदत मागते, तिला आज अपुरी म्हणण्याचा त्याला अधिकार आहे.

आतां या बिअरविषयीं जें लेखन होतें त्याकडे वळूं. बिअरच्या आस्वादाची टिपणें हा आज एक स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. त्याचें पुष्कळसें श्रेय मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाकडे जातें. १९४२ मध्यें जन्मलेला आणि २००७ मध्यें वारलेला हा पत्रकार त्याच नांवाच्या गायकाहून अगदीं निराळा. त्याचें 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' हें पुस्तक १९७७ मध्यें निघालें. बिअर ही एक वस्तु नसून तिच्या अनेक जाती आहेत, प्रत्येक जातीला गांव, इतिहास आणि स्वभाव आहे, हें त्यानें जगाला पटविलें. त्याच सुमारास, १९७९ मध्यें, मॉर्टेन मेलगार्ड या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानें बिअरच्या चवींचें एक चक्र प्रसिद्ध झालें. त्यांत शंभरावर संज्ञा व्यवस्थित मांडलेल्या आहेत. कारखान्यांतील परीक्षकांना एकमेकांचें बोलणें समजावें, हा त्याचा हेतु. आणि त्या हेतूपुरतें तें निःसंशय उपयुक्त आहे.

परंतु कोश हातीं आला म्हणजे काव्य येत नाहीं. जॅक्सनच्या लेखनांत चवींच्या नांवांमागें एक गांव, एक मद्यशाळा, एक कारागीर उभा असे; त्याच्या अनुकरणांत नांवें तेवढीं उरलीं. डॉपेलबॉकवरील टिपणें पाहावीं तर मनुका, आलुबुखार, अंजीर, टॉफी, चॉकोलेट, ज्येष्ठमध, ओक वृक्षाचें लांकूड, अशी वाण्याची यादी वाचावयास मिळते, आणि शेवटीं शंभरांपैकीं कांहीं गुण. यादी जितकी लांब, तितका टिपणकार सूक्ष्म, असा समज. वस्तुतः ही पन्ह्यांतली साखर आणि मिरें पुन्हां वेगळीं काढण्याची खटपट आहे. पृथक्करण चुकीचें नव्हे. तें टीकेचें पहिलें पाऊल आहे. पण जो तेथेंच थांबतो, त्यानें घटक सांगितले, घटना सांगितली नाहीं. पेल्यांत काय आहे हें त्यानें कळविलें. पेल्यांत काय घडतें हें कळविलें नाहीं. कवितेंत उपमा किती, अनुप्रास किती, हें मोजून गुण देणाऱ्या परीक्षकांची जात आपल्यालाहि अपरिचित नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मग टॉफीच्या जागीं काकवी आणि आलुबुखाराच्या जागीं खजूर लिहावा, म्हणजे मराठी आस्वादटीका सिद्ध झाली. आम्हांस हें मान्य नाहीं. यादी देशी झाली म्हणून ती यादी असण्याचें राहत नाहीं. मराठीचें खरें भांडवल तिच्या नामांपेक्षां तिच्या विशेषणांत आहे. खमंग, खरपूस, मधुर, गोडसर, गुळमट, गोडमिट्ट, या सहा शब्दांतलें अंतर पाहावें. 'मधुर' म्हणतांना वक्ता तृप्त आहे. 'गोडसर' म्हणतांना तटस्थ. 'गुळमट' म्हणतांना त्याचें नाक किंचित् मुरडलें आहे, आणि 'गोडमिट्ट' म्हणतांना त्यानें पेला बाजूला सारला आहे. म्हणजे या शब्दांत चव आणि चवीचा निवाडा एकत्रच येतो. सेलेब्राटोर खमंग, साल्वाटोर मधुर पण अखेरीस गुळमटाकडे झुकणारी, आणि सामिक्लाउस गोडमिट्ट, एवढें म्हटलें तर दोन पानांच्या यादीपेक्षां अधिक सांगितल्यासारखें होतें. आणि त्याशीं वाद घालावयाचा तर वाद कशाविषयीं घालावा, हेंहि समोरच्याला कळतें. ज्या टीकेशीं वाद घालतां येत नाहीं, ती टीकाच नव्हे.

आरंभीं मांडलेल्या प्रश्नाचें उत्तर याच निवाड्यांत आहे. गोडी ही शक्तीला झांकण्यासाठीं वापरतां येते, तशीच शक्तीला प्रकट करण्यासाठींहि वापरतां येते. जी बिअर नुसती गोड असते, ती आपला कडकपणा लपविते. पिणाऱ्याला तो पेला संपल्यावर, पाय जमिनीवर टेकतांना कळतो. तिला आम्ही अप्रामाणिक म्हणूं. खमंग बिअरची गोष्ट निराळी. तिच्यांत अग्नीची खूण शेवटपर्यंत राहते. भाजल्याचा कडवटपणा आणि गळ्याखालची ऊब जिभेला वेळींच सांगतात कीं, हें सरबत नव्हे, बेतानें घे. उत्तम डॉपेलबॉक स्वतःच पिणाऱ्याचा हात आवरते. दुसऱ्या पेल्याचा मोह तिच्या अंगीं नाहीं, आणि हा तिचा दोष नसून गुण आहे. साधूंनीं ती उपवासासाठीं केली ही गोष्ट येथें पुन्हां अर्थपूर्ण वाटते: पोट भरावें, मन शांत व्हावें, आणि एका पेल्यावर हात थांबावा, हीच त्या पेयाची मूळ मर्यादा असली पाहिजे.

म्हणून गोड वस्तूचें परीक्षण करणाऱ्यानें तिच्या पहिल्या घोटावर विश्वास ठेवूं नये. पहिला घोट सर्वांचाच गोड असतो. गोडी ओसरल्यावर जिभेवर काय राहतें, तें पाहावें. साल्वाटोरची ऊब राहते, सामिक्लाउसचा चिकटा राहतो, आणि आइंगच्या त्या काळ्या बिअरचा, पेला रिकामा झाल्यावरहि बराच वेळ, भाजलेल्या धान्याचा वास राहतो. तिघींत श्रेष्ठ कोण, हें ठरवावयास आम्हांस एवढें पुरेसें वाटतें.